टळलेलं नुकसान

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे 'तराजू' म्हणत. तोंडावर नाही, पण जिना उतरताना ऐकू येईल इतपत मोठ्याने. मला राग यायचा. ह्यांना नाही. एकदा शांतपणे म्हणाले, "नाव तसं चुकीचं नाहीये." स्वतःचं टोपणनाव लागू पडतं की नाही, याचाही दोन्ही बाजूंनी विचार करणारा माणूस. त्याच्यावर कुणी चिडून चिडणार किती?

नगरपालिकेच्या पूर विभागात ह्यांची नोकरी. आमच्या शहराच्या मधून ओढा जातो आणि मोठा पाऊस झाला की तो घरांत शिरतो. त्याला अडवायचे मार्ग पुष्कळ आहेत. भिंत बांधा, पंप बसवा, गटारं रुंद करा, मैदान खोल करून तिथे पाणी साठवा. नाहीतर यातलं काहीच करू नका, एक भोंगा बसवा आणि लोकांना वेळेवर वर पळायला सांगा. कुठे काय परवडेल ते ह्यांनी सांगायचं. एका पारड्यात बांधायचा आणि पुढे सांभाळायचा खर्च, दुसऱ्या पारड्यात त्यामुळे होणार नाही ते नुकसान. होणारं नव्हे, न होणारं. लग्नानंतर कितीतरी दिवस हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"अहो, जे झालंच नाही ते मोजता कसं?" मी विचारायची.

"मागच्या वेळी झालं त्यावरून," हे सांगायचे.

म्हणजे पूर ओसरला की ह्यांच्या विभागाची माणसं दारोदार जाणार. पाणी किती चढलं, काय भिजलं, काय टाकून द्यावं लागलं, ते विचारणार आणि घरचे सांगतील ते लिहून आणणार. जिथे नुकसान मोठं तिथे भिंत फायद्याची, जिथे थोडं तिथे तोट्याची. ऐकायला किती सरळ वाटतं.

घरातही हेच. आम्ही फ्रिज घ्यायला गेलो तेव्हा ह्यांनी इतके प्रश्न विचारले की दुकानदाराने आधी आमच्यासाठी चहा मागवला आणि मग हताश होऊन स्वतःसाठी. माझ्याशी भांडण झालं तरी आवाज चढायचा नाही. "तुझं म्हणणं बरोबर धरलं तर काय होईल ते बघू," अशी सुरुवात. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. पण एक सांगते, ह्या माणसाने कधी कुणाचा पेढासुद्धा घरी आणला नाही. नाकासमोर चालणारा. त्याच चालण्याने आमचं सगळ्यांचं वाटोळं केलं, हे मी आज त्यांच्या तोंडावरही म्हणते आणि ते मान हलवतात.

ह्यांना वाढवलं ते ताईने. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताई नुकती लग्नाची झाली होती. तिने नवऱ्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं म्हणे, "माझ्याबरोबर हा छोट्या पण येणार." तो बिचारा भला माणूस, म्हणाला येऊ दे. त्याचं खालच्या गल्लीत बाइंडिंगचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कागद कापायचं यंत्र, पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि कायम चुलीवर रटरटणारी खळ. आमचे हे त्या खळीच्या वासात अभ्यास करून साहेब झाले. पुढे ताईचा नवरा वारला, पण दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. शहरातल्या शाळा, वकील, कॉलेजची पोरं, सगळे ताईकडेच यायचे. पन्नाशी उलटलेल्या साहेबाला ती चारचौघांत "ए छोट्या" म्हणायची आणि साहेब गुपचूप "हो ताई" म्हणायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्या खालच्या गल्लीची एक तऱ्हा होती. तिथे सगळे लोकांची कामं हाताने करून देणारे. ताईच्या शेजारी गादीवाला, पलीकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, समोर शिंपी. म्हणजे घरात पडलेला माल आपला नाही, गिऱ्हाइकाचा. गल्ली सखल. ओढा फुगला की पाणी आधी तिथे. पण गिऱ्हाइकाला एकदा कळलं की इथे दिलेली वस्तू भिजते, की तो परत फिरकणार का? म्हणून पाणी उतरताच सगळी गल्ली कामाला लागायची. चिखल मागच्या दाराने काढायचा, फरश्या घासायच्या, भिंतींना कमरेपर्यंत चुना फासायचा. गादीवाला माळ्यावरचा कोरडा कापूस खाली आणून दारात पिंजत बसायचा. पहिलं गिऱ्हाईक घाबरंघुबरं होऊन आलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "आमच्याकडे? छे हो! पाणी उंबऱ्याला लागून मागे गेलं."

ताई तर या कामात पक्की. भिजलेले कागद दोरीवर एकेक वाळत घालून मंद इस्त्री फिरवायची. एकदा एका शाळेची हजेरीपुस्तकं पार लगदा व्हायच्या बेतात होती. तिने नवी आखली आणि सगळी नावं, सगळ्या खुणा हाताने उतरवून काढल्या. हेडमास्तर म्हणाले, "बाई, बाइंडिंग छान झालंय, पुस्तकं नवी वाटतात." हे सांगताना ताई हसून हसून लोळायची. तेव्हा मीही हसायची.

गंमत इथे संपते. कारण ऑफिसची माणसं विचारायला आली तरी गल्लीचं उत्तर तेच. लिहून नेलेली माहिती नगरपालिकेच्या फळ्यावर लागायची, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. फळा काय, येणारा-जाणारा कुणीही वाचतो. उद्या एखाद्या वकिलाने तिथे वाचलं की बाइंडिंगवालीकडे कमरेएवढं पाणी होतं, तर? त्यामुळे साहेबालाही तेच सांगायचं. उंबऱ्याला लागून मागे गेलं.

आणि भिंत? ताईची समजूत अगदी भाबडी होती. ती म्हणायची, "पाणी कुठून येतं ते नकाशात दिसतंच की. भिंत तिथेच बांधतील. त्यासाठी माझ्या घरात काय भिजलं ते कशाला हवं?" सगळी गल्ली असंच समजून होती. चूक म्हणाल तर एवढीच.

ज्या पुरानंतर हे सगळं ठरलं, तेव्हा वरच्या बाजाराबरोबर खालच्या गल्लीची पाहणीही ह्यांच्या वाट्याला आली. ह्यांनी वरिष्ठांना सांगून बघितलं की तिथे माझी बहीण राहते, दुसऱ्या कुणाला पाठवा. वरिष्ठ म्हणाले, "तुमच्याइतका सरळ माणूस दुसरा कोण आहे?" झालं. मीही त्या दिवशी ताईला डबा द्यायला गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.

ताईने साहेब येणार म्हणून स्वच्छ खुर्ची मांडली होती, ती बहुधा शिंप्याची. फरशी लखलखीत. पण ओल्या कागदाचा आणि आंबलेल्या खळीचा वास काही चुन्याने जात नाही. मला दारातच आला, तर ज्याचं बालपण त्या वासात गेलं त्याला आला नसेल?

"पाणी कुठपर्यंत आलं होतं?" ह्यांनी विचारलं. बहिणीला नाही, घरमालकिणीला विचारावं तसं.

"उंबऱ्यापर्यंत," ताई म्हणाली.

"आत?"

"आत नाही आलं."

ह्यांनी उगाच भिंतीला हात टेकला. चुना अजून ओला होता, बोटं पांढरी झाली. ह्यांनी बोटांकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताई शिकंज्याचा दांडा पुसत होती. हे म्हणाले, "नक्की?" ती म्हणाली, "अरे, सांगतेय ना!" ह्यांनी रुमालाला बोटं पुसली आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.

रस्त्यावर आल्यावर मी सुटलेच. "अहो, डोळे आहेत की बटणं? ढळढळीत दिसत होतं!"

"दिसलं."

"मग?"

"घरचा माणूस सांगतो ते लिहायचा नियम आहे. तिचं खोडून मी माझ्या मनाने लिहिलं तर बाकीच्या घरांचंही खोडायला हवं. आणि बहिणीच्या गल्लीतच साहेबाला जास्त पाणी दिसलं, असं उद्या कुणी म्हटलं तर?"

"बरं, नका खोडू. भाऊ म्हणून परत आत जा आणि सांगा, ताई, खरं बोल, त्यावर तुझी भिंत ठरणार आहे."

हे म्हणाले, "वरच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानात जाऊन मी असं सांगितलंय का?"

अन्यायाशी भांडता येतं हो. अशा न्यायाशी कसं भांडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

वरच्या बाजारातल्या दुकानदारांनी मात्र हात आखडता घेतला नव्हता. त्यांचा माल स्वतःचा, भिजला तर सांगायला लाज कसली? त्यांनी भिजलेलं सांगितलं, थोडं न भिजलेलंही सांगितलं असेल. त्या खेपेला एकच मोठं काम होणार होतं. बाजारासाठी पंप की खालच्या गल्लीसाठी भिंत? ह्यांनी दोन्ही तोललं. बाजाराचं पारडं धाडकन खाली गेलं. गल्लीला मिळाला भोंगा आणि एक छापील पत्रक: मौल्यवान वस्तू उंचावर ठेवाव्यात. त्याच कागदात आणखी एक बाब होती. बाजारातलं पाणी पंपाने उचलून ओढ्यात टाकायचं ते गल्लीच्या जरा वरच्या अंगाला. म्हणजे गल्लीत पाणी वाढणार. पण तिथे पाण्याने नुकसान होतच नाही म्हटल्यावर वाढलेल्या पाण्याचंही नुकसान शून्य. गणित बिनचूक होतं.

मग नगरपालिकेच्या सभागृहात लोकांना बोलावून सगळं समजावून सांगायची सभा झाली. हे व्यासपीठावर, मी मागे. खालची गल्लीही आली होती. ताई पुढच्या रांगांत कुठेतरी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

गादीवाला उठला. तो तसा तोंडाळ. म्हणाला, "साहेब, पाणी पहिलं आमच्याकडे येतं. लहान पोरालाही ठाऊक आहे. मग पंप बाजाराला आणि आम्हाला भोंगा? आम्ही काय केलंय?"

हे उभे राहिले. "तुमच्या गल्लीत एकाही घरात नुकसान झालेलं नाही," ह्यांनी सांगितलं. "हे मी म्हणत नाही. तुम्ही सांगितलंय."

सभागृहात बाजारातले लोक होते, वकील होते, शाळेचे मास्तर होते. गल्लीची सगळी गिऱ्हाइकं. गादीवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शिंपी चपलेकडे बघायला लागला. तेव्हा हे ताईकडे बघत उभे राहिले. मी पाहिलं, हे वाट बघत होते. बाकी माहिती वाचायची सोडून नुसते उभे. तिने एक शब्द बोलावा, एवढंच. तेवढ्यावर त्यांनी तो सगळा कागद फाडून नव्याने मोजणी मागितली असती, नियमात बसत होतं ते. ताईने वर पंख्याकडे बघितलं, पिशवीचे बंद गोळा केले, आणि गप्प राहिली. वरिष्ठ खाकरले. हे खाली बसले.

पुढचा मोठा पूर भर दुपारी आला. भोंगा वेळेवर वाजला, ते कबूल करायला हवं. गल्लीतली माणसं गच्च्यांवर चढली, कुणाच्या जिवाला काही झालं नाही. पण वरून पंप बाजाराचं पाणी उपसत होता आणि ते सगळं खाली येत होतं. यापूर्वी ताईच्या वरच्या फळीला पाणी कधी शिवलं नव्हतं. तिचा सगळा भरवसा त्या फळीवर. त्या दिवशी फळीही बुडाली आणि फळीवरचे गठ्ठे तरंगत दाराबाहेर गेले.

त्यांत एका गाण्याच्या मास्तरांच्या वह्या होत्या. जन्मभर हाताने लिहिलेल्या चाली, दुसरी प्रत नाही. बांधून दे म्हणून त्यांनी ताईकडे विश्वासाने दिलेल्या. मास्तर आले तेव्हा चुना फासायला भिंतीत जोर उरला नव्हता आणि ताईतही नव्हता. तिने राहिलेला लगदा परातीत काढून त्यांच्यापुढे ठेवला. शाई सगळी उतरून गेली होती. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने परातीतलं एक पान बोटांनी सुटं करून बघितलं, ते तुटलं. "असू दे बाई," म्हणाला, आणि निघून गेला.

मग बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? ज्यांच्या वस्तू कोरड्या राहिल्या होत्या, ती गिऱ्हाइकंही त्या परत न्यायला आली. शाळा आल्या, वकील आले. गादीवाल्याकडे, शिंप्याकडे तीच रांग. ताई कधी रडली नाही. फक्त शिकंजा भंगारवाल्याने उचलला तेव्हा ती मागच्या खोलीत जाऊन बसली आणि तो गाडीत चढेपर्यंत बाहेर आली नाही. नंतर ती आमच्याकडे राहायला आली. गादीवाला मुलाकडे दुसऱ्या गावी गेला, शिंपी कपड्यांच्या कारखान्यात लागला. गल्लीत कुलपं दिसायला लागली.

आमच्याकडे आल्यावर एकदा भाजी निवडता निवडता ताईने ह्यांना विचारलं, "छोट्या, तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं," हे म्हणाले.

"मग विचारलं का नाहीस?"

"ताई, मी विचारलं होतं. परत परत विचारलं."

"आणखी एकदा विचारायचंस रे," ताई म्हणाली. "नाहीतर कान धरायचास माझा. मी नाही का तुझा धरायचे?"

हे उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग गेले नाही. आत ताई भाजीची तीच जुडी परत परत निवडत होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर वागली होती आणि दोघांनाही त्याचा पश्चात्ताप होत होता. मला दोघांचा संताप आला आणि दोघांची दयाही आली.

त्या पुराच्या पाहणीत मात्र गल्लीने खरं सांगितलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. घरोघरचं नुकसान एवढं निघालं की गल्लीचं पारडं जमिनीला टेकलं. भिंत मंजूर झाली. कामाला वेळ लागला, पण झाली ती देखणी. रुंद, दगडी, वरून माणसं फिरायला जातात. तिच्या आडोशाला राहतात कोण? एक-दोन म्हातारी कुटुंबं आणि बाकी गोदामं.

ह्यांच्या निवृत्तीच्या आधीचं शेवटचं काम म्हणजे त्याच भिंतीचा अहवाल. बांधली त्याचा फायदा झाला का, ते बघायचं. मध्ये एक पूर येऊन गेला होता, भिंतीने पाणी अडवलं होतं. रविवारी सकाळी हे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. ताई समोर वर्तमानपत्र वाचत होती. बराच वेळ झाला तरी ह्यांचं पेन हलेना.

"काय अडलं?" मी विचारलं.

"हाताखालच्यांनी मागच्या पाहणीचेच आकडे घेतलेत," हे म्हणाले. "भिंतीने कुठल्या कुठल्या घरांचं नुकसान वाचवलं, त्यात गादीवाला आहे, शिंपी आहे. आता तिथे कुणी नाही. ती नावं काढायला हवीत." मग ताईकडे न बघता म्हणाले, "ताई, तुझंही दुकान आहे. बाइंडिंग, पुढची खोली, चालू. भिंतीमुळे वाचलं असं लिहिलंय."

ताईने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "खरंच? चालू म्हणून लिहिलंय?"

"हो."

"बघू." तिने चष्मा पुसला, कागद ओढून घेतला आणि आपल्या दुकानाचं नाव असलेल्या ओळीवर बोट ठेवून ती ओळ हळूहळू वाचली. "शिकंजा, कटिंग मशीन, कागद… सगळं आहे की रे यात." तिने कागद परत सरकवला. "काढू नकोस छोट्या. कुठेतरी असू दे."

ह्यांनी टोपण काढलेलं पेन थोडा वेळ तसंच धरलं. मग गादीवाल्याचं, शिंप्याचं नाव खोडलं, ती ओळ तशीच ठेवली आणि खाली सही केली. जन्मभरात ताईसाठी केलेली एवढी एकच लबाडी, आणि तिचा आता ताईला काडीचाही उपयोग नव्हता.